सोळावर आणखी एक पान

तुमच्या हातात दश्शी आणि छक्की, म्हणजे सोळा. समोर डीलरचं एक पान उघडं, राजा, दुसरं पालथं. आणखी एक पान मागितलं आणि ते छक्की किंवा त्याहून मोठं निघालं, की एकवीस ओलांडले आणि पैसे गेले. तेरा प्रकारच्या पानांपैकी आठ प्रकार तुम्हाला बुडवणारे, पाचच वाचवणारे. पोटातून एकच आवाज येतो: गप्प बस. ब्लॅकजॅकचं गणित मात्र म्हणतं, पान घ्या.

पान घेतलंत आणि गुलाम आला, तर टेबलाभोवतीचे चारजण तुमच्याकडे दयेने बघतात. ब्लॅकजॅकमध्ये असे बरेच निर्णय आहेत, जे बघणाऱ्याला वेडेपणाचे वाटतात आणि कागदावर मांडले की बिनतोड ठरतात. जुगाराच्या या एका खेळाने गणितज्ञांना सत्तर वर्षं का खिळवून ठेवलं, हे या निर्णयांतूनच समजतं.

खेळ साधा आहे. चित्रांची किंमत दहा, एक्का एक किंवा अकरा, जे सोयीचं पडेल ते. बाकीची पानं आपल्या आकड्याइतकी. एकवीसच्या जास्तीत जास्त जवळ जायचं, पण ओलांडायचं नाही. खरी गंमत डीलरच्या बाजूला आहे. त्याला डोकं चालवायची परवानगीच नाही. बेरीज सोळा किंवा कमी असेल तर त्याने पान घ्यायचं, सतरा झाले की थांबायचं. तुमचे वीस समोर दिसत असले आणि त्याचे अठरा असले, तरी तो थांबतो आणि मुकाट हरतो. रमीत समोरचा काय साठवतोय याचा अंदाज बांधावा लागतो, तीन पत्तीत त्याचा चेहरा वाचावा लागतो. इथे समोर माणूस दिसत असला तरी खेळतो तो नियम. आणि नियमाविरुद्ध खेळायचं असेल, तर सगळं आधी मोजून ठेवता येतं.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मनावर घेतली ती अमेरिकी लष्करातल्या चार तरुणांनी. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅकडरमॉट हे चौघं १९५० च्या दशकात मेरीलँडमधल्या ॲबर्डीनच्या शस्त्रचाचणी केंद्रात नोकरीला होते. बरॅकमध्ये पत्ते चालले असताना लास व्हेगासच्या डीलरला सतरावर थांबावंच लागतं, असा विषय निघाला आणि बाल्डविनच्या डोक्यात किडा वळवळला. मग ड्यूटी संपल्यावर लष्कराच्याच टेबलावरच्या गणनयंत्रांची बटणं दाबत, सुमारे दीड वर्ष, चौघांनी हिशेब केला: खेळाडूकडे अमुक बेरीज, डीलरचं अमुक पान, तर पान घेतल्यावर सरासरी काय होईल, थांबल्यावर काय होईल. १९५६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यांनी काढलेल्या पद्धतीने खेळलं तर कॅसिनोचा फायदा शंभर रुपयांमागे जेमतेम साठ पैशांच्या आसपास उरत होता. पुढे कॉम्प्युटर आल्यावर तेच हिशेब पुन्हा तपासले गेले, तेव्हा त्यांच्या तक्त्यात दुरुस्त करण्यासारखं फारच थोडं सापडलं. बोटांनी बटणं दाबून केलेल्या कामाबद्दल हे म्हणता येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

इथे एक प्रश्न पडायला हवा. डीलर बिनडोकपणे खेळतो आणि तरी कॅसिनो जिंकतं, तर त्याची नक्कलच का करू नये? सोळापर्यंत आपणही पान घ्यावं, सतरावर थांबावं. दोन्ही बाजू अगदी सारख्या, मग नफा-तोटा शून्य व्हायला हवा. प्रत्यक्षात अशा खेळाडूचे शंभरामागे साडेपाच रुपये जातात. कारण एवढंच, की पान आधी खेळाडू घेतो. सोळापर्यंत पान घेत राहणारा साधारण १०० पैकी २८ वेळा एकवीस ओलांडतो. दोघंही तसेच खेळले तर जवळजवळ आठ डावांत दोघंही बाद होतात. पण खेळाडू आधी बाद झालेला असतो आणि त्याचे पैसे उचलून झालेले असतात. एक्का आणि दहाचं पान पहिल्याच दोन पानांत आलं, म्हणजेच ब्लॅकजॅक लागला, की दीडपट पैसे मिळतात. त्यातून दोन-सव्वादोन रुपये परत येतात. आठातून ते वजा करा, साडेपाच उरतात. कॅसिनोची सगळी कमाई या एका गोष्टीवर उभी आहे: तुम्ही आधी.

आता सोळाकडे परत येऊ. डीलरचा राजा उघडा आहे आणि त्याच्याकडे ब्लॅकजॅक नाही, हे त्याने पालथं पान डोकावून आधीच पाहिलंय. अशा वेळी तो १०० पैकी साधारण २३ वेळाच बाद होतो. तुम्ही सोळावर थांबलात तर त्या २३ डावांत जिंकता आणि ७७ डावांत हरता. शंभर रुपयांच्या डावामागे सरासरी तोटा ५४ रुपये. पान घेतलंत तरी तोटा त्याच्याच आसपास येतो, फक्त किंचित कमी. फरक रुपयाच्याही आतला. म्हणजे टेबलावर ज्या निर्णयावरून माणसं सर्वांत जास्त कुरकुर करतात, तो जवळपास नाणेफेकीच्या लायकीचा आहे. आणि काही टेबलांवर या दोन्हींपेक्षा बरा तिसरा मार्ग असतो, सरेंडर: डाव सोडायचा, निम्मे पैसे परत घ्यायचे. तोटा ५० रुपये. चौपन्नापेक्षा पन्नास बरे, पण लढण्याआधीच पान टाकणं कुणाला मानवत नाही, म्हणून हा मार्ग फार कमी लोक वापरतात.

याच सोळाची एक छटा मला सगळ्यांत आवडते. तुमचे सोळा दश्शी-छक्कीचे असतील तर पान घ्या. पण तेच सोळा पंजी, चौकी आणि सत्तीचे असतील, तर थांबा. बेरीज तीच, डीलरचा राजा तोच, उत्तर उलटं! कारण तुम्हाला वाचवू शकणारी पानं होती एक्क्यापासून पंजीपर्यंतची, आणि त्यातली दोन तुमच्याच हातात येऊन बसली आहेत. कॅटमध्ये ती तेवढी कमी झाली. फरक केसाएवढा आहे, पण आहे. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे सगळं हिच्यावरच फिरणार आहे.

दोन अठ्ठ्या आल्या तर? तेही सोळाच. पण सारखी पानं आली की त्यांचे दोन वेगळे हात करता येतात, प्रत्येकावर पूर्ण रक्कम लावून. डीलरचा राजा समोर असताना अठ्ठ्या फोडायच्या म्हणजे हरत्या डावात आणखी शंभर रुपये ओतायचे. नवखा इथे हमखास नाही म्हणतो. हिशेब असा: अठ्ठीने सुरू होणारा हातही राजापुढे हरतोच, सरासरी २४ रुपयांच्या आसपास. दोन हातांचे मिळून ४८. न फोडता खेळलात तर ५४. पैसे दुप्पट लावून तोटा सहा रुपयांनी कमी होतो. जिंकण्याची आशा इथे कुठेच नाही, फक्त कमी हरण्याचा मार्ग आहे, आणि तो दिसायला जास्त धोक्याचा आहे.

एक्का आणि सत्ती म्हणजे अठरा. अठराला हात लावायचा नाही, असं जवळजवळ प्रत्येकजण मानतो. पण डीलरची नव्वी उघडी असेल तर अठरावर थांबून शंभरामागे १८ रुपये जातात, पान घेऊन १० च्या आसपास. एक्का असल्यामुळे एका पानाने तुम्ही बाद होऊच शकत नाही, मोठं पान आलं तर एक्का अकराचा एक होतो. उलट डीलरची छक्की असेल, तर याच अठरावर पैसे दुप्पट करून एकच पान घ्यायचं. कारण छक्की दाखवणारा डीलर १०० पैकी ४२ च्या आसपास वेळा बाद होतो. तो अडचणीत असताना टेबलावर तुमचे जास्तीत जास्त पैसे असायला हवेत. जिंकत्या हातावर आणखी पान मागणारा माणूस बघून शेजाऱ्याचा जीव वरखाली होतो, तो भाग वेगळा.

आणि आता इन्शुरन्स. नावच असं दिलंय की नाकारणारा बेजबाबदार वाटावा. डीलरचा एक्का उघडा असतो आणि तो विचारतो, इन्शुरन्स घेणार? लावलेल्या रकमेच्या निम्मे आणखी ठेवायचे. पालथं पान दहाचं निघालं तर त्या निम्म्यावर दुप्पट मिळतात, नाहीतर ते गेले. दुप्पट मिळत असतील, तर तीनात एकदा तरी दहाचं पान निघायला हवं, तरच हिशेब बरोबरीत सुटतो.

समजा एकाच कॅटने खेळ चाललाय आणि तुमच्याकडे दोन राण्या आहेत. सुरेख वीस! एवढा चांगला हात जपायलाच हवा, असं म्हणून नेमके याच वेळी लोक इन्शुरन्स घेतात. मोजून बघा. ५२ पानांतली तीन तुम्हाला दिसली, उरली ४९. दहाच्या किमतीची पानं एकंदर १६, त्यातली दोन तुमच्याकडे, उरली १४. ४९ पैकी १४ म्हणजे सातात दोन, साडेअठ्ठावीस टक्के. हवे होते सव्वातेहतीसच्या वर. इन्शुरन्सच्या प्रत्येक शंभर रुपयांवर इथे १४ रुपये जातात. हात जितका चांगला, विमा तितका महाग! तुमच्याकडे अठ्ठी-नव्वीचं सतरा असतं तर १६ च्या १६ दहाची पानं बाहेर उरली असती, आणि ४९ पैकी १६ हे जवळजवळ तेहतीस टक्के होतात. तोटा शंभराला दोन रुपये. आणि शेजाऱ्याची दोन लहान पानं उघडी दिसली असती, तर ४७ पैकी १६, म्हणजे चौतीस टक्के. आता इन्शुरन्स फायद्याचा!

तीन वाक्यांपूर्वी जी पैज मूर्खपणाची होती, ती दोन पानं दिसताच शहाणपणाची झाली. रूलेटच्या चक्रावर असं होत नाही, ते दर वेळी नव्याने फिरतं. वाटलेली पानं मात्र पिसेपर्यंत कॅटमध्ये परत जात नाहीत. म्हणून प्रत्येक डावागणिक पुढच्या डावाची शक्यता थोडी सरकते, कधी कॅसिनोकडे, कधी तुमच्याकडे.

एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाच्या हे लक्षात आलं. १९५८ च्या नाताळात तो बायकोसोबत लास व्हेगासला गेला, चौघांच्या तक्त्याची तळहाताएवढी चिठ्ठी बरोबर घेऊन. दहा डॉलर घेऊन बसला, साडेआठ हरून उठला. चिठ्ठी बघून खेळणाऱ्या या प्राध्यापकाची टेबलावर टिंगल झाली. मग एका डावात त्याने एकापाठोपाठ एक पान घेत सात पानांत बरोबर एकवीस केले, तेव्हा जराशी शांतता पसरली. परत आल्यावर त्याने चौघांचा लेख पुन्हा काढला. त्यांनी पूर्ण कॅटचा हिशेब केला होता. कॅट अपुरा असेल तर काय? हा हिशेब हाताने होण्यातला नव्हता. थॉर्प एमआयटीत गेला, फोरट्रान शिकला आणि तिथल्या आयबीएम ७०४ वर एकेक प्रकारचं पान कॅटमधून काढून टाकून गणित मांडलं.

उत्तर पाहून तोही चकित झाला. चारही एक्के काढले तर खेळाडूचं मोठं नुकसान, हे अपेक्षित होतं. पण चारही पंज्या काढल्या तर पारडं खेळाडूच्या बाजूला तीन टक्क्यांहून जास्त झुकत होतं. पंजी, जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही! कारण मात्र बोटांवर मोजण्याइतकं सोपं आहे. डीलरला बारा ते सोळावर पान घ्यावंच लागतं. बाराला पंजी मिळाली तर सतरा, तेराला अठरा, चौदाला एकोणीस, पंधराला वीस, सोळाला एकवीस. अडलेल्या डीलरला प्रत्येक वेळी सोडवणारं कॅटमधलं एकमेव पान म्हणजे पंजी. ती वाटून संपली की डीलरचा आधार गेला.

हा शोध थॉर्पने १९६१ मध्ये नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तात छापला. त्यासाठी ॲकॅडमीच्या सदस्याची शिफारस लागे, म्हणून तो माहिती सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन याच्याकडे गेला. शॅननने लेख तपासला आणि शीर्षकातला ‘जिंकण्याची पद्धत’ हा शब्दप्रयोग बदलून ‘अनुकूल पद्धत’ असा मवाळ करायला लावला. त्याच वर्षी दोन धनिकांनी दिलेले दहा हजार डॉलर घेऊन थॉर्प नेवाडात उतरला आणि अकरा हजार जिंकून आला. १९६२ मध्ये त्याचं ‘बीट द डीलर’ हे पुस्तक आलं. १९६४ च्या एप्रिलमध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी घाबरून नियम कडक केले, तर गिऱ्हाईकच टेबलाकडे फिरकेना. काही आठवड्यांत जुने नियम परत आले. कॅसिनोवाल्यांनी शांतपणे विचार केला असता तर कळलं असतं, की पुस्तक विकत घेणारे हजारो आणि ते नीट आत्मसात करणारे मूठभर. पुस्तकाने त्यांचा धंदा वाढवलाच.

त्या मूठभरांची पद्धत पुढे सुटसुटीत झाली. दुर्री ते छक्की दिसली की अधिक एक, दहाची पानं आणि एक्के दिसले की उणे एक, मधल्या तीन प्रकारांना शून्य. बेरीज वाढली म्हणजे कॅटमध्ये मोठी पानं उरली; तेव्हा जास्त पैसे लावायचे. निर्णयही त्या बेरजेप्रमाणे बदलायचे, आणि इथे वेडेपणाचा कळस दिसतो: बेरीज पुरेशी वर गेली आणि डीलरची पंजी किंवा छक्की उघडी असली, की हातातले वीस फोडून दोन दहांचे दोन हात करायचे. गणिताने बरोबर असूनही मुरलेले मोजणारे असं सहसा करत नाहीत. वीस फोडणारा एकतर ठार अडाणी किंवा पक्का मोजणारा, हे कॅसिनोच्या माणसांना पाठ असतं, आणि दोघांतला कोण हे त्यांना लगेच कळतं. नेवाडात अशा माणसाला सरळ बाहेरचा रस्ता दाखवता येतो. पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजमधली मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून खेळाडू झालेल्या केन उस्टनने ॲटलांटिक सिटीच्या कॅसिनोविरुद्ध खटला भरला, आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, केवळ पानं मोजतो म्हणून कॅसिनोला स्वतःच्या अधिकारात कुणाला बाहेर काढता येणार नाही. डोक्यात बेरीज करणं हा गुन्हा नाही, हे ठरायलाही कोर्ट लागलं. कॅसिनोंनी मग जास्त कॅट एकत्र करायला आणि लवकर पिसायला सुरुवात केली.

टेबलावरची सर्वांत कडू भांडणं मात्र शेवटच्या खुर्चीवरून होतात. तिथे बसलेल्याने ‘चुकीचं’ पान घेतलं आणि पुढच्या पानाने डीलरचे एकवीस झाले, की सगळ्यांचं पाप त्याच्या माथी. ‘तू घेतलं नसतंस तर डीलर बाद झाला असता.’ खरंय, या वेळी. पण दोन्ही पानं पालथी असताना त्यातलं डीलरला बुडवणारं पान पहिलं असण्याची शक्यता दुसऱ्याइतकीच असते. तो जितक्या वेळा डीलरला वाचवतो तितक्याच वेळा बुडवतो. बुडवलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, एवढंच.

माझ्या मते ब्लॅकजॅकच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण निर्णय टेबलावर घेतलाच गेला नाही. डॉन जॉन्सन या घोड्यांच्या शर्यतींचं गणित करणाऱ्या माणसाने २०१० च्या अखेरीपासून काही महिन्यांत ॲटलांटिक सिटीच्या तीन कॅसिनोंकडून सुमारे दीड कोटी डॉलर जिंकले. पानं न मोजता. मंदीने गिऱ्हाईक आटलं होतं, कॅसिनोंना मोठा खेळाडू हवा होता. जॉन्सनने बसण्याआधी घासाघीस केली: नियम खेळाडूला जास्तीत जास्त सोयीचे, आणि मोठ्या रकमेच्या वर हरलो तर वीस टक्के परत. रुपया जिंकला तर रुपया, हरला तर ऐंशी पैसे! पाव टक्क्यावर आलेला कॅसिनोचा फायदा यात पार वाहून गेला. त्याच्या एका डावात लाख डॉलर लावलेल्या दोन अठ्ठ्या आल्या. त्याने फोडल्या, त्यांवर आणखी दोन अठ्ठ्या आल्या, त्याही फोडल्या. चार हातांवर तिर्री, दुर्री, तिर्री, दुर्री आली. त्याने चारही ठिकाणी पैसे दुप्पट केले. डीलर बाद झाला. एका डावात आठ लाख डॉलर. अठ्ठ्या फोडायला कचरणाऱ्यांनी हा डाव आठवावा, पण त्याच्यासारखा करार आपल्याला कुणी देणार नाही हेही आठवावं.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे मराठी माणसाची ब्लॅकजॅकशी गाठ पडते ती बहुधा पणजीला, मांडवीत उभ्या असलेल्या बोटींवर, किंवा परदेशात फिरायला गेल्यावर. कुठेही बसायचं झालं तर आधी टेबलावरच्या कापडावर काय छापलंय ते वाचा. ब्लॅकजॅकला ‘३ ला २’ असेल तर शंभरावर दीडशे मिळतात, ‘६ ला ५’ असेल तर फक्त एकशेवीस. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो, म्हणून फरक किरकोळ वाटतो. पण त्याने कॅसिनोचा फायदा अर्ध्या टक्क्यावरून जवळपास दोन टक्क्यांवर जातो. पाचशे रुपयांचा डाव, तासाला साठ डाव, म्हणजे तीस हजारांची उलाढाल: एकही चूक न करता खेळणाऱ्याचे पहिल्या टेबलावर तासाला सरासरी दीडशे रुपये जातात, दुसऱ्यावर पाचशेहून जास्त. ‘६ ला ५’ दिसलं तर सोळावर काय करायचं याचा विचारसुद्धा करू नका, उठा.